कोडे, कूट आणि स्वप्न : एका नाकारलेल्या शोधप्रकल्पाच्या निमित्ताने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शोधप्रकल्पाला स्थान मिळाले आणि विषयनिवडीच्या बैठका हा मराठी शिक्षकांच्या वर्षक्रमातील एक नवा विधी होऊन बसला. अशाच एका बैठकीत खडवलीहून रोज कल्याणला येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव समितीपुढे आला होता. टॅबलेटवर खेळल्या जाणाऱ्या एका स्वप्नसदृश कोडेखेळाचा आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेचा तौलनिक अभ्यास, असा तिचा विषय होता. चर्चा पाच मिनिटेही चालली नाही. ‘यात संहिता कोठे आहे?’ असे एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले. ‘खेळ हा काही साहित्यप्रकार नव्हे’ असे दुसऱ्यांनी म्हटले. प्रस्ताव परत गेला. प्रस्तुत लेखक त्या समितीत होता आणि त्यानेही विरोधातच मत दिले होते. ते मत आज मला चुकीचे वाटते. विद्यार्थिनीचे सर्व म्हणणे मला मान्य आहे असे नाही. पण आम्ही ज्या कारणांसाठी नकार दिला ती कारणे आमच्याच वाङ्मयपरंपरेच्या अज्ञानातून आली होती, असे माझे मत झाले आहे.

बैठकीनंतर काही दिवसांनी कल्याणच्या फलाटावर कसारा गाडीची वाट पाहत असताना ती भेटली. ‘सर, निदान एकदा खेळून तरी बघा,’ असे म्हणून तिने टॅबलेट माझ्या हाती दिला. समितीतील कोणीही तो खेळ पाहिलेला नव्हता, ही गोष्ट तिला ठाऊक असावी. गाडी आली, शहाड-आंबिवली मागे पडले, टिटवाळ्याला गर्दी उतरली, आणि खडवलीला ती उतरेपर्यंत मला पहिल्या दोन पायऱ्यांच्या पलीकडे जाता आले नाही. पुढे मी तो खेळ स्वतः घेतला आणि पुरा केला. ज्या गोष्टीवर मत द्यायचे ती आधी अनुभवावी, हा नियम आपण विद्यार्थ्यांना सांगतो. समित्यांना तो लागू नसतो.

खेळाचे नाव ‘बॅक टू बेड’. डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथील बेडटाइम डिजिटल गेम्स या संस्थेने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. मुळात तो विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प होता, आणि आमच्या समितीच्या संदर्भात हा तपशील मला थोडा बोचतो. बॉब नावाचा एक मनुष्य झोपेत चालतो. तो सरळ रेषेत चालत राहतो. वाटेत अडथळा आला की ठरलेल्या एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, वळतो आणि पुन्हा चालू लागतो. कडेशी पोहोचला तर खाली कोसळतो आणि पुन्हा आरंभापासून चालू लागतो. खेळणाऱ्याच्या हाती बॉब नसतोच. त्याच्या हाती असतो सबॉब, म्हणजे बॉबच्या अबोध मनाने घेतलेले एक श्वानसदृश रूप. या प्राण्याने बॉबच्या वाटेत मोठाली हिरवी सफरचंदे ठेवायची, कोठे प्रचंड माशाचा पूल करायचा, आणि निद्रिस्ताला कडांपासून वाचवीत त्याच्या बिछान्यापर्यंत न्यायचे. सबॉब भिंतीवरही चालतो. जी आत्ता भिंत होती ती पुढच्या क्षणी जमीन होते. एशरच्या ‘रिलेटिव्हिटी’ (१९५३) या चित्रातील जिने आणि मॅग्रितची सफरचंदे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या दृश्यांचे कुळ लगेच ओळखता येईल. त्याच वर्षी लंडनच्या अस्टू या संस्थेचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा खेळ आला. त्यातही अशक्य भूमितीचे मनोरे आहेत; त्याला प्रसिद्धीही अधिक लाभली. स्वप्नाचा प्रश्न मात्र पहिल्या खेळात अधिक उघडपणे येतो, म्हणून मी त्याच्यापुरतेच बोलतो.

आता ‘संहिता कोठे आहे?’ या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मोक्षपट ठाऊक नव्हता असे नाही. तो या संदर्भात आठवला नाही, एवढेच. सोपान आणि सर्प यांच्या साहाय्याने खेळला जाणारा हा पट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो. हे कर्तृत्व सिद्ध मानायला पुरेसा पुरावा नाही; पण मराठी मनाने एक खेळ आपल्या आद्य तत्त्वकवीच्या नावावर जमा करावा, ही घटनाच लक्षणीय आहे. त्या पटाच्या घरांतून सद्गुण-दुर्गुणांची, अवस्थांची, लोकांची नावे लिहिलेली असतात. कवड्या टाकायच्या, सोंगटी सरकवायची आणि ज्या घरात पडाल ते वाचायचे. वाचन आणि खेळणे या दोन क्रिया तेथे वेगळ्या नाहीतच. हाच खेळ पुढे इंग्लंडात गेला तेव्हा घरांतील शब्द हळूहळू गळाले, साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या, आणि तेच रूप आमच्याकडे बालकांची करमणूक म्हणून परतले. मोक्षपटाचा आणि त्याच्या जैन भावंडाचा, ज्ञानचौपडाचा, सविस्तर अभ्यास कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी केला. त्यांचा प्रबंध २०१९ चा आहे. डेन्मार्कमधील एक विद्यापीठ आमच्या पटावरील खेळाला ज्ञानव्यवहाराचा विषय मानते आणि डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या खेळावर आमच्याकडे चार पाने लिहिता येत नाहीत, हा योगायोग मला करमणुकीचा वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. त्याच्यामागे साहित्यशास्त्राचे बळही आहे, हे मान्य केले पाहिजे. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आणि तिचे उपयोगही नोंदविले : गोष्टींतील विनोदासाठी, गर्दीत जाणत्यांनी जाणत्यांशी गुप्तपणे बोलण्यासाठी आणि दुसऱ्यांना चकविण्यासाठी. विश्वनाथाने साहित्यदर्पणात मात्र प्रहेलिकेला अलंकार मानण्यास नकार दिला. ती रसाला आडवी येते, असे त्याचे कारण होते. आमच्या समितीचे मत नकळत विश्वनाथाचेच होते. फरक इतकाच की विश्वनाथाने आपले कारण दिले होते. रसव्यवस्थेत कोड्याला जागा नसेल तर ती व्यवस्था कोठे अपुरी पडते हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे. मराठी संतवाङ्मयाने तर विश्वनाथाचे ऐकलेलेच नाही. मुक्ताबाईंच्या नावावरील मुंगीचा अभंग घ्या. एक कीटक आकाशात झेपावतो, सूर्य त्याच्या पोटात जातो, वंध्येला पुत्र होतो. आंद्रे ब्रेतोंचा जाहीरनामा १९२४ चा; ही प्रतिमासृष्टी त्याच्या कितीतरी शतके आधीची आहे, आणि वारकरी फडांवर तिच्यावर आजही निरूपण होते. निरूपणकार अर्थ सांगतो, श्रोते माना डोलावतात, आणि अर्थ सांगून झाल्यावरही ती मुंगी तशीच आकाशात राहते.

येथे मला दोन शब्द वेगळे करावेसे वाटतात. आपण कोडे आणि कूट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. माझ्या मते त्यांत महत्त्वाचा भेद आहे. कोडे सुटले की संपते. शब्दकोड्याचे भरलेले चौकोन कोणी पुन्हा वाचीत नाही. कूट उलगडल्यावरही शिल्लक राहते. किंबहुना उलगडा हा त्याच्या अनुभवाचा आरंभ असतो. महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांना ठाऊक आहे. न थांबता लिहीन, अशी गणेशाची अट आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नये, अशी व्यासांची उलट अट. म्हणून व्यासांनी मध्येमध्ये कूटश्लोक पेरले. परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मुख्य संहितेतून वगळली, आणि ते पाठचिकित्सेच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु प्रक्षिप्त असली तरी ही कथा वाचनाविषयी काही सांगते. कूटाचे कार्य लेखनिकाला हरविणे हे नाही. त्याला थांबविणे हे आहे. जो क्षणभर थांबतो त्या क्षणात पुढची रचना होते. (टिटवाळ्याच्या महागणपतीवरून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा प्रवाशांना हा अडखळणारा गणेश अधिक जवळचा वाटायला हरकत नाही.)

स्वप्नाच्या बाबतीतही हा भेद लागू पडतो, आणि तो प्रथम ज्याने जाणला तो फ्रॉईड. स्वप्नांच्या अन्वयार्थावरील त्याचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस बाहेर आला. मुखपृष्ठावर मात्र १९०० हे वर्ष छापले होते. त्यात तो स्वप्नाची तुलना चित्रकोड्याशी करतो. छपरावर नाव आहे, मग एक सुटे अक्षर आहे. हे चित्र म्हणून पाहिले तर निरर्थक, पण प्रत्येक खुणेच्या जागी शब्द ठेवला तर वाक्य तयार होते. येथे फ्रॉईड कोड्याच्या बाजूला आहे. पण त्याच ग्रंथात तो असेही सांगतो की प्रत्येक स्वप्नात एक जागा अशी असते की जेथे उलगडा थांबतो. तिला तो स्वप्नाची नाभी म्हणतो, आणि तेथून स्वप्न अज्ञाताशी जोडलेले असते. म्हणजे स्वप्नाच्या अन्वयार्थाचा प्रवर्तकही शेवटी कूटाच्या बाजूला येतो. आमच्याकडे फ्रॉईड आला तो त्याच्या चित्रकोड्यासह. नाभी मागे राहिली.

या कसोटीवर ‘बॅक टू बेड’ हा खेळ कोठे बसतो? तो कोडे आहे; शंभर टक्के कोडे. त्यातील सफरचंद म्हणजे वळण आणि मासा म्हणजे पूल; अन्य काही नाही. पहिल्या पायरीवर सफरचंद विलक्षण वाटते, दहाव्या पायरीवर ते वीट होते. स्वप्नाचा वेश आहे, पण त्या वेशाखाली अत्यंत जागी, हिशेबी अशी यंत्ररचना आहे, आणि ती फार कौशल्याने बांधलेली आहे. बॉबचे वळणे कधी बदलत नाही. स्वप्नात असा भरवसा कोणाला असतो? या बाबतीत विद्यार्थिनीचा उत्साह मला पटला नाही. तिच्या प्रस्तावात ‘हा खेळ म्हणजे एक काव्यच होय’ असे एक वाक्य होते. ते वाक्य मी आजही खोडेन. खेळाला मान देण्यासाठी त्याला काव्य म्हणावे लागते, ही समजूत आणि खेळ काव्य नाही म्हणून त्याचा अभ्यास करू नये, ही समजूत, या दोहोंत मला फारसे अंतर दिसत नाही.

मग जी. ए. कशाला, असे कोणी विचारील. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा आठवावी. एक प्रवासी अनोळखी ठिकाणी अडकतो, त्याला एका मठात नेले जाते, आणि तेथे भूमिगत खोलीत त्याला स्वामी म्हणून कायमचे कोंडले जाते. वर भक्तांचे जग चालू आहे, खाली हा माणूस आहे. आजच्या खेळांच्या भाषेत सांगायचे तर ही बंद खोलीतून सुटकेची मांडणी झाली. अशा मांडणीचे खेळ आज शेकड्यांनी मिळतात : किल्ली शोधा, भिंतीवरील खूण जुळवा, दार उघडा. विद्यार्थिनीने ‘स्वामी’ याच नजरेने वाचली होती. खोलीत काय काय आहे याची तिने यादी केली होती, कोणती वस्तू कोणत्या कामी येऊ शकेल याचा विचार केला होता, आणि वाट कोठेही निघत नाही याची खात्री पटल्यावर ती कथेच्या शेवटाकडे आली होती. माणूस बाहेर पडत नाही. हवेच्या अरुंद मार्गातून वर जाते ती वेल. ‘सर, सुटका झाली ती खेळणाऱ्याची नाही,’ असे ती म्हणाली, ‘मग इथे खेळत कोण होतं?’

गेली वीस-बावीस वर्षे मी ही कथा शिकवितो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे कारण आता मला दिसते. आम्ही ती कथा कूट म्हणून हाती घेतो आणि कोडे म्हणून शिकवितो. ‘प्रतीकांचा उलगडा करा’ हा आमचा ठराविक प्रश्न. मार्गदर्शिकांतून त्याची तयार कोष्टके मिळतात : मठ म्हणजे नियती, वेल म्हणजे जीवनेच्छा किंवा कलानिर्मिती, अंधार म्हणजे अमुक. विद्यार्थी कोष्टक पाठ करतात, आम्ही कोष्टकाला गुण देतो. सफरचंद म्हणजे वळण, मासा म्हणजे पूल. आमच्या वर्गातील ‘स्वामी’ आणि टॅबलेटवरील बॉब यांत मग काय अंतर राहिले? खेळाच्या बाजूने एक गोष्ट तर सांगावीच लागेल. तेथे तयार कोष्टक देऊन चालत नाही. सफरचंद प्रत्यक्ष ठेवून पाहावे लागते, बॉब कोसळतो, पुन्हा ठेवावे लागते. चुकण्याचा, अडखळण्याचा जो अवधी व्यासांनी गणेशाला दिला तो हा खेळ आपल्या खेळणाऱ्याला देतो. आमची प्रश्नपत्रिका देत नाही. खडवलीची ही मुलगी ‘स्वामी’च्या खोलीत इतका वेळ थांबली ती खेळाने लावलेल्या सवयीमुळे, मार्गदर्शिकेमुळे नव्हे. कोडे किती दूर नेते आणि कोठे संपते हे तिला अंगवळणी पडले होते. म्हणूनच जेथे ते संपले नाही ती जागा तिला ओळखता आली.

आणखी एक विरोध येथे नोंदविण्यासारखा आहे. खेळातील अबोध मन हे राखणदार आहे. निद्रिस्ताला सुखरूप पुन्हा झोपविणे हे त्याचे काम. मराठीतील स्वप्ने नेमकी उलट दिशेने जातात. तुकारामांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगासह येतात ते काम सांगायला, कवित्व करायला. बहिणाबाईंना शके १५६९ मध्ये कोल्हापुरात स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह होतो आणि त्यानंतर त्या ब्राह्मण गृहिणीच्या संसारात जे वादळ उठते ते त्यांच्या आत्मनिवेदनात वाचावे. त्या स्वप्नांतून कोणी बिछान्याकडे परतलेले नाही. हा विरोध दाखविण्यासाठी प्रकल्पात एक प्रकरण सहज झाले असते, आणि संतसाहित्याच्या आमच्या नेहमीच्या प्रकल्पांपेक्षा त्यात वाचण्यासारखे अधिक निघाले असते, असे मला वाटते. एकच सावधगिरी हवी. खेळातील ‘अबोध’ ही एक सजावट आहे आणि बहिणाबाईंचे स्वप्न ही एका स्त्रीच्या आयुष्यातील घटना आहे. दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत.

काही सहकारी म्हणतील की हे सर्व माध्यमविद्येच्या विभागांनी करावे. त्यांनी करावेच. पण मुंगीचा अभंग, मोक्षपट आणि ‘स्वामी’ ही साखळी त्यांच्या विभागात कोण जोडणार? शिवाय भाषेचा प्रश्न आहे. या खेळांविषयी जे काही बोलले जाते ते जवळजवळ सर्व इंग्रजीत. विद्यार्थिनीजवळ एक वही आहे. तीत तिने खेळाच्या प्रत्येक पायरीवरील आपल्या चाली मराठीत लिहून ठेवल्या आहेत : बॉब कोठे वळला, भिंत केव्हा जमीन झाली, सफरचंद चुकीच्या जागी ठेवल्यावर काय घडले, कोणत्या प्रयत्नाला आपण कंटाळलो. रूढ परिभाषा हाताशी नसल्यामुळे तिला प्रत्येक वेळी साधे वाक्य शोधावे लागले आहे, आणि काही ठिकाणी ते फार चांगले सापडले आहे. ‘यात संहिता कोठे आहे?’ या प्रश्नाचे एक उत्तर ती वही असू शकली असती. बैठकीत ती कोणी मागितली नाही.

तिने नंतर दुसरा विषय दिला, ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणाचा, आणि तो विनाचर्चा मंजूर झाला. त्या विषयात वाईट काही नाही. ती तो नीट करील. पण पहिला प्रस्ताव फेरविचारासाठी पुन्हा घेता येईल का, निदान चौथ्या सत्रातील दीर्घ निबंधाचा विषय म्हणून, असे मी समितीच्या पुढील बैठकीत विचारणार आहे, आणि त्या बैठकीला तिची वही सदस्यांपुढे ठेवावी अशी सूचनाही करणार आहे. टॅबलेट मी माझा नेईन.